गोंगाटाच्या आधीचे मिनिट

नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाला सर्वांत अधिक धास्ती कशाची वाटते, या प्रश्नाचे उत्तर देशोदेशी जवळपास सारखेच मिळते. डच अभ्यासक सायमन वेनमन यांनी १९८४ मध्ये वेगवेगळ्या देशांतील ८३ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा नव्या शिक्षकांनी सांगितलेल्या अडचणींत वर्गातील शिस्त पहिल्या स्थानावर होती आणि मुलांना अभ्यासाची गोडी कशी लावावी ही अडचण तिच्या खालोखाल होती. महाराष्ट्रातल्या शाळांच्या शिक्षकखोलीत हीच गोष्ट ‘वर्ग ताब्यात राहत नाही’ अशा शब्दांत बोलली जाते, आणि तिच्यावरचा सल्लाही तयार असतो: सुरुवातीलाच दरारा बसवावा, मुलांना डोक्यावर चढू देऊ नये, सैल सोडायचे ते नंतर. अमेरिकेतले मुरलेले शिक्षक नवख्यांना नाताळ उलटेपर्यंत हसू नका असे बजावत, तेही याच जातीचे. या सल्ल्यात व्यवहारज्ञानाचा काही अंश आहे हे मान्य करूनही त्याच्या मुळाशी असलेली समजूत तपासून पाहावी लागते. शिस्त ही शिकवण्याहून निराळी, शिकवण्याच्या आधी मिळवून ठेवायची आणि शिक्षकाच्या व्यक्तिमत्त्वातून निपजणारी गोष्ट आहे, ही ती समजूत होय. नव्या शिक्षकांच्या बहुतेक चुका तिच्यातून उगवतात. आणि त्याहून गंभीर बाब अशी की, या समजुतीपोटी झालेल्या चुका अनुभवाने आपोआप दुरुस्त होत नाहीत, कित्येकदा पक्क्या होतात.

ही समजूत येते कोठून, याचे एक उत्तर अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्ये दिले. वकील किंवा शल्यविशारद होऊ पाहणाऱ्याने आपला भावी व्यवसाय शिकायला लागण्यापूर्वी जवळून फारसा पाहिलेला नसतो; शिक्षक होणाऱ्याने मात्र तो बारा-पंधरा वर्षे रोज तासन्‌तास पाहिलेला असतो. या दीर्घ निरीक्षणाला लॉर्टी यांनी उमेदवारी म्हटले, पण ती बाकावर बसून केलेली उमेदवारी आहे, हे त्यांच्या विवेचनाचे मर्म आहे. बाकावरून शिक्षकाचा चढा आवाज ऐकू येतो, वटारलेले डोळे दिसतात, फळ्यावर आपटलेले डस्टर दिसते. आदल्या संध्याकाळी काढलेले टाचण, एखादा मुलगा खिडकीपाशी न बसवता दुसऱ्या रांगेत का बसवला याचा विचार, किंवा एक प्रश्न सोडून देऊन दुसराच विचारण्याचा क्षणार्धात घेतलेला निर्णय तिथून दिसत नाही. शिवाय स्मरणात राहतात ते खटक्याचे प्रसंग. ज्या शिक्षकाच्या तासाला कधी काही घडलेच नाही, त्याच्या तासाला काय घडत होते हे विद्यार्थ्याला सांगता येत नाही. त्यामुळे पहिल्यांदा वर्गासमोर उभा राहणारा तरुण आपल्या आठवणीतल्या दटावणीची नक्कल करतो, कारण नक्कल करण्याजोगे तेवढेच त्याने पाहिलेले असते.

या समजुतीला पहिला मोठा धक्का दिला तो जेकब कुनिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने, आणि तोही काहीसा स्वतःच्या मनाविरुद्ध. महाविद्यालयात शिकवत असताना वर्तमानपत्र वाचत बसलेल्या एका विद्यार्थ्याला कुनिन यांनी दटावले आणि न दटावलेले विद्यार्थीही सावरून बसल्याचे त्यांच्या ध्यानात आले. एकाला बोललेल्या शब्दांचा इतरांवर होणारा हा परिणाम, ज्याला मराठीत तरंग-परिणाम म्हणता येईल, त्यांच्या पुढच्या अनेक वर्षांच्या संशोधनाचा विषय झाला. दटावणी स्पष्ट असावी की कठोर, रागाची असावी की शांत, याचा त्यांनी कसून शोध घेतला. अखेर प्राथमिक शाळांतील प्रत्यक्ष वर्गांच्या चित्रफिती घेऊन त्यांनी तुलना केली आणि १९७० मध्ये जे पुस्तक प्रसिद्ध केले त्यात निष्कर्ष असा होता की, ज्यांचे वर्ग सुरळीत चालतात आणि ज्यांचे चालत नाहीत अशा शिक्षकांत, गैरवर्तन झाल्यावर ते काय करतात याबाबत सांगण्याजोगा फरक आढळत नाही. फरक आढळतो तो गैरवर्तन होण्यापूर्वी ते काय करत असतात यात. ज्या प्रश्नाचा शोध घेण्यात वर्षे घालवली तो प्रश्नच चुकीचा होता असे छापील पुस्तकात कबूल करणारे संशोधक विरळा; कुनिन यांचे महत्त्व त्यांच्या या प्रामाणिकपणात जितके आहे तितकेच पुढे मांडलेल्या बारकाव्यांत आहे.

ते बारकावे बहुतांशी वेळेचे आहेत. पस्तीस मिनिटांच्या एखाद्या तासाची सुरुवात पाहावी. घंटा होते, नवी शिक्षिका वर्गात येते, साठ मुलांची हजेरी क्रमांकवार घेते. त्यात चार-पाच मिनिटे जातात आणि ज्याचा क्रमांक होऊन गेला त्याला तोवर करायला काहीही नसते. मग खडू सापडत नाही म्हणून एक मुलगा कार्यालयात पाठवला जातो. तपासलेल्या वह्या एकेकाचे नाव पुकारून वाटल्या जातात. त्यानंतर ती वर्गाकडे पाठ करून फळ्यावर दिनांक, विषय, घटक आणि एक लांबलचक उतारा लिहू लागते. मागच्या बाकांवरून कुजबुज सुरू होते, तिचा कलकलाट होतो आणि शिक्षिका वळून ओरडते. शाळेच्या भाषेत या क्षणाला वर्गाने दंगा केला असे म्हणतात. वस्तुतः वर्गाला दहा मिनिटे बेकार ठेवल्यानंतरची ती अगदी अपेक्षित घटना आहे, आणि तिचा उपाय आवाज चढवण्यात नसून ती दहा मिनिटे कमी करण्यात आहे: उतारा तास सुरू होण्यापूर्वी कागदावर किंवा फळ्यावर तयार असणे, वह्या रांगांच्या क्रमाने लावून चार मुलांकडून एकाच वेळी वाटून घेणे, हजेरी चालू असताना सोडवायला एक उदाहरण फळ्यावर असणे.

कुनिन यांनी अशा जागांना नावे दिली. एक काम संपवून दुसऱ्याकडे जाताना शिक्षक गडबडतो, तिथे वर्ग फुटतो. भाषेची पुस्तके काढायला सांगून, मुलांनी ती काढल्यावर ‘बरं, गणितातलं पाचवं उदाहरण किती जणांचं बरोबर आलं?’ असे विचारणारा शिक्षक मुलांना मागे खेचतो, आणि पुन्हा पुढे न्यायला त्याला दुप्पट वेळ लागतो. एक सूचना अर्धवट सोडून दुसऱ्याच गोष्टीकडे वळणे, सगळ्या वर्गाला एका दमात सांगता येईल ते एकेका रांगेला वेगळे सांगत बसणे, किरकोळ गोष्टीवर लांबण लावणे, ही सारी गती मोडण्याची रूपे आहेत. यांच्या जोडीला त्यांनी दोन गुण सांगितले. पहिला म्हणजे वर्गात कोठे काय चालले आहे याचे शिक्षकाला असलेले जागते भान, आणि ते असल्याची मुलांना पटलेली खात्री. हे भान नसलेला शिक्षक खोडी काढणाऱ्याऐवजी खोडीला उत्तर देणाऱ्याला पकडतो किंवा खोडी तीन बाकांवर पसरल्यानंतर जागा होतो, आणि दोन्ही वेळा मुलांच्या नजरेतून उतरतो. दुसरा गुण दोन गोष्टींकडे एकाच वेळी लक्ष ठेवण्याचा. महाराष्ट्रातील लहान वस्त्यांवरच्या द्विशिक्षकी शाळांत, जिथे एकाच खोलीत दोन इयत्ता दोन दिशांना तोंड करून बसतात, हा गुण ऐच्छिक नसतो. पहिलीला अक्षरे गिरवायला देऊन तिसरीला भागाकार शिकवणारी आणि तेवढ्यात पहिलीतल्या रडणाऱ्या मुलाला नजरेनेच जवळ बोलावणारी शिक्षिका कुनिन यांच्या पुस्तकाचे नावही न ऐकता त्याचा एक अख्खा अध्याय जगत असते. अशा शिक्षिकांकडे काय आहे याची नोंद करण्याची तसदी आपल्याकडच्या प्रशिक्षणव्यवस्थेने फारशी घेतली नाही, हे जाता जाता नमूद करायला हवे.

आता मूळ प्रश्न. चुका इतक्या साध्या आहेत तर त्या वर्षानुवर्षे टिकतात कशा? वीस वर्षे नोकरी झालेला, तरीही रोज घसा बसेपर्यंत ओरडणारा शिक्षक प्रत्येक शाळेत असतो. अनुभवाने त्याला शहाणे का केले नाही? १९६८ मध्ये चार्ल्स मॅडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिलीच्या एका मोठ्या वर्गात केलेला प्रयोग याचे मार्मिक उत्तर देतो. जागेवरून उठणाऱ्या मुलांना शिक्षिका ‘खाली बसा’ असे सांगत. संशोधकांनी त्यांना ही आज्ञा अधिक वेळा द्यायला सांगितली, तेव्हा उठणाऱ्या मुलांचे प्रमाण वाढले. आज्ञा कमी करून नीट काम करणाऱ्यांची दखल घ्यायला सांगितली, तेव्हा ते घटले. पण यातील कळीची गोष्ट वेगळीच आहे. ‘खाली बसा’ म्हटल्याबरोबर मुले खरोखरच खाली बसत होती. ती पुन्हा उठत होती ते नंतर. म्हणजे शिक्षिकेच्या डोळ्यांसमोरचा पुरावा तिला सतत सांगत होता की, आज्ञा लागू पडते, आणि एकूण तासभराचा हिशेब, जो वर्गात उभे राहून दिसत नाही, नेमके उलट सांगत होता.

ओरडणे, छडी आपटणे, बाहेर उभे करणे या सर्व उपायांचे असेच असते. त्यांचा परिणाम तत्काळ आणि ऐकू येईल असा मिळतो: शांतता. तिचे आयुष्य अर्ध्या मिनिटाचे असले तरी ओरडणाऱ्याला ती बक्षिसासारखी पावते आणि पुढच्या वेळी तो लवकर आणि मोठ्याने ओरडतो. याउलट वह्या आधीच रांगेने लावून ठेवल्यामुळे जो गोंधळ झाला नाही, तो कोणालाच दिसत नाही. न घडलेल्या घटनेचे श्रेय घ्यायला शिक्षकाजवळ काही उरत नाही. चुकीचा उपाय फळ दाखवतो आणि योग्य उपाय दाखवत नाही, अशा परिस्थितीत केवळ अनुभवावर सोडलेला माणूस चुकीकडेच ढकलला जातो. शिक्षक मुलांना वळण लावत असतो हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच वेळी मुले आपल्या क्षणिक आज्ञाधारकपणाने शिक्षकाला वळण लावत असतात, हे मात्र क्वचितच ध्यानात येते. डॅनियल ओलिअरी आणि सहकाऱ्यांनी १९७० मध्ये दाखवले की, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशी दटावणी करण्यापेक्षा त्या एका मुलाजवळ जाऊन, त्यालाच ऐकू येईल इतक्या हळू आवाजात सांगितले तर व्यत्यय आणणारे वर्तन सहसा कमी होते. हा उपाय इतका सोपा असूनही रुळला नाही, याचे कारण बहुधा हेच की, त्याने शिक्षकाला विजयाची जाणीव होत नाही आणि शेजारच्या वर्गातल्या सहकाऱ्याला काही ऐकू जात नाही.

या दृष्टीने पाहिले तर रूढ उपायांपैकी एकाची चिकित्सा विशेष उद्‌बोधक ठरते. शिक्षक कार्यालयात जाताना किंवा बदली तास रिकामा असताना वर्गप्रतिनिधीला बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहायला सांगतो, ही महाराष्ट्रातील शाळांची जुनी रीत आहे. वर्गप्रतिनिधी खडू घेऊन उभा राहतो. पहिले नाव बहुधा ज्याच्याशी त्याचे पटत नाही त्याचे असते. ते नाव वाचून तो मुलगा तक्रार करतो आणि तक्रार म्हणजे बोलणेच असल्याने नावापुढे एक फुली पडते, मग दुसरी. मित्रांची नावे येत नाहीत किंवा आली तर डस्टरने पुसली जातात. शिक्षक परततो तेव्हा फळ्यावर जी यादी असते ती वर्गातल्या मैत्री-वैराचा नकाशा असते, आणि शिक्षक तिला पुरावा मानून शिक्षा करतो. या एका कृतीने त्याने न्याय करण्याचा आपला अधिकार दहा वर्षांच्या मुलाच्या हाती दिलेला असतो, शांततेचा अर्थ काम असा न ठेवता केवळ न बोलणे असा करून टाकलेला असतो, आणि आपण नसताना वर्ग चालू शकतो ही शक्यता तपासून पाहण्याची संधी गमावलेली असते. सगळ्या वर्गाला सरसकट शिक्षा करणे हा याच न्यायाचा मोठा अवतार. त्यात निरपराध मुले अपराध्यावर दबाव आणतील अशी अपेक्षा असते; प्रत्यक्षात ती शिक्षकाविरुद्ध एक होतात. ‘पुन्हा बोललात तर खेळाचा तास बंद’ अशी जी धमकी अमलात आणायची नसते किंवा आणता येत नाही, तिच्याबद्दल अधिक लिहिण्याची गरज नाही. तिची किंमत मुलांना दोन दिवसांत कळते.

दराऱ्याचा सल्ला न रुचणारा, संवेदनशील नवा शिक्षक पुष्कळदा दुसऱ्या टोकाला जातो. तो मुलांचा मित्र होऊ पाहतो, नियम सांगायला संकोचतो, मुलांनी थट्टा केली तर हसून घेतो, आणि पंधरा दिवसांनी वर्ग हाताबाहेर गेला की एकाएकी संतापतो. आदल्या आठवड्यात जे चालत होते ते आज का चालत नाही, हे मुलांना कळत नाही, आणि कालच्या मित्राचा आजचा संताप त्यांना कडक शिक्षकाच्या रोजच्या रागापेक्षा अधिक झोंबतो. कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांनी १९३९ मध्ये मुलांच्या छंदमंडळांवरील प्रयोग प्रसिद्ध केले, ते या संदर्भात नेहमी उद्धृत होतात, पण बहुधा अर्धेच. हुकूमशाही पद्धतीने चालवलेल्या गटातील मुले मोठा माणूस खोलीबाहेर जाताच काम टाकत, एवढे सर्वांना स्मरते. त्याच प्रयोगात तिसराही प्रकार होता, ज्यात मोठा माणूस सौम्य होता पण मुलांना मोकाट सोडून बाजूला राहत होता, आणि त्या गटाचे कामही समाधान वाटण्याजोगे झाले नाही. जो गट मोठा माणूस नसतानाही काम करत राहिला, त्यात त्या माणसाने काय करायचे हे मुलांशी ठरवले होते आणि कामात त्यांच्याबरोबर भाग घेतला होता. दरारा आणि मैत्री हे एकमेकांविरुद्धचे पर्याय भासतात. पण वर्गाचे सारे लक्ष शिक्षकाच्या व्यक्तीवर खिळवणे, मग ते भीतीने असो वा लाडाने, हे दोघांतही समान आहे. साने गुरुजींसारख्या शिक्षकाची स्मृती महाराष्ट्राने जपली हे योग्यच. परंतु अमळनेरच्या छात्रालयातील त्यांच्या प्रेमाच्या कथा नव्या शिक्षकाला आदर्श म्हणून सांगताना, त्या प्रेमामागे मुलांच्या खोल्या झाडण्यापासून त्यांच्यासाठी हस्तलिखित दैनिक काढण्यापर्यंतचे रोजचे, ठरलेले काम होते, ही बाजू सहसा वगळली जाते.

मुलांना कामाला लावणे आणि शिस्त लावणे यांतील संबंध भारतीय शिक्षणसाहित्यात सर्वांत ठसठशीतपणे मांडला तो भावनगरच्या गिजुभाई बधेका यांनी. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या गुजराती कथात्मक पुस्तकातील प्रयोगशील शिक्षक चौथीचा वर्ग मागून घेतो आणि पहिल्याच दिवशी तोंडघशी पडतो. माँटेसरी पद्धतीतील शांततेचा खेळ घ्यायचे त्याने ठरवलेले असते. मुले त्याची टर उडवून असा गोंधळ घालतात की, वर्ग सोडून देण्यापलीकडे त्याच्या हाती काही उरत नाही. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगायला बसतो, मुले गुंगून ऐकतात, आणि गोष्टीपाठोपाठ बसण्याची, ऐकण्याची घडी बसत जाते. या प्रसंगाचे मोल गोष्टीच्या गोडव्यात शोधणे चूक ठरेल. शिक्षक पहिल्या दिवशीच्या फजितीचा जो अर्थ लावतो तो महत्त्वाचा आहे. मुले वाईट आहेत किंवा आपण पुरेसे कडक नव्हतो, असे दोन्ही निष्कर्ष त्याला सहज उपलब्ध होते आणि मुख्याध्यापकाला ते पटलेही असते. तो मात्र आपण मुलांपुढे ठेवलेल्या कृतीत दोष शोधतो. शांतता हीच मागणी म्हणून पुढे ठेवली तर ती मुलांना निरर्थक वाटते. ऐकण्याजोगे काही असले की शांततेला कारण मिळते. अर्थात हा शिक्षक काल्पनिक आहे आणि वरिष्ठ अधिकाऱ्याने त्याला वर्षभराची मोकळीक दिलेली आहे, ही मेख विसरून चालत नाही. गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी पुढे बोर्डी आणि कोसबाड येथे प्रत्यक्ष काम केले. गुरे राखायला जावे लागते म्हणून शाळेत न टिकणाऱ्या आदिवासी मुलांसाठी त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी कुरणशाळा काढली, म्हणजे शाळाच गुरांमागे कुरणात नेली. अनुपस्थिती हा मुलांचा बेशिस्तपणा मानणाऱ्या शाळेला तिथे एका नव्या वेळापत्रकाने उत्तर मिळाले.

वर्गात बोलण्याच्या साध्या रीतीतही हीच दृष्टी लागू पडते. ‘कळलं का?’ या प्रश्नाला साऱ्या वर्गाचा एकसुरी ‘हो’ मिळाला की, नवा शिक्षक पुढे सरकतो. त्या सुरात न कळलेल्यांचा आवाज सर्वांत मोठा असू शकतो, कारण त्यांना लवकर सुटायचे असते. मेरी बड रो या संशोधिकेने १९७० च्या दशकात मोजून दाखवले की, प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी सुमारे एकच सेकंद थांबतात, आणि ते तीन सेकंदांपर्यंत थांबू लागले की उत्तरे लांब होतात, एरवी गप्प राहणारी मुले बोलतात, एवढेच नव्हे तर दटावण्याचे प्रसंगही कमी होतात. नव्या शिक्षकाला ते तीन सेकंद जीवघेणे वाटतात; वर्ग गप्प आहे म्हणजे तास फसला, असे त्याला भासते. दंग्याची भीती आणि शांततेची भीती अशी दोन्हीकडून तो धावत असतो.

या साऱ्या विवेचनावर एक रास्त आक्षेप घेता येतो. सत्तर मुले कोंबलेला वर्ग, बाकांमधून फिरायला जागा नाही, सर्वेक्षणे आणि ऑनलाइन माहिती भरण्यात जाणारे दिवस, अशा परिस्थितीत वह्या वाटण्याच्या कौशल्याविषयी बोलणे म्हणजे व्यवस्थेचे अपयश शिक्षकाच्या माथी मारणे नव्हे काय? आक्षेपात तथ्य आहे. शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक स्तरावर ३० आणि उच्च प्राथमिक स्तरावर ३५ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाण ठरवले ते उगाच नव्हे, आणि संख्या एका मर्यादेपलीकडे गेली की कोणतेही जागते भान पुरे पडत नाही. वरिष्ठ महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर नेमलेला अध्यापक दोन-तीन महाविद्यालयांत धावत असतो, त्याला वर्गातली नावेही पाठ होत नाहीत, आणि तिथे त्याच्यापुढचा प्रश्न गोंगाटाचा नसून रिकाम्या बाकांचा असतो. त्याला वर्गव्यवस्थापनाचे, म्हणजे वर्गातील वेळ, जागा, काम आणि संबंध यांची घडी बसवण्याचे, धडे देणे ही जवळपास थट्टा ठरेल. तरीही आक्षेपाचा दुसरा अर्धा भाग स्वीकारता येत नाही. मोठ्या वर्गाला धाक लागतोच, हे त्याचे गृहीतक आहे. वस्तुतः संख्या जितकी मोठी तितकी रिकाम्या दहा मिनिटांची किंमत मोठी. तीस मुलांच्या वर्गात जी ढिलाई खपून जाते ती सत्तरांत खपत नाही.

याच गृहीतकातून कायद्याविरुद्धची कुरकुर जन्मते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी घातली आणि १ एप्रिल २०१० पासून ती लागू झाली, तेव्हापासून ‘शिक्षकांचे हात बांधले’ हे वाक्य शाळाशाळांतून ऐकू येते. कायद्याने छडी काढून घेतली आणि तिच्या जागी काय करायचे हे पुरेसे शिकवले नाही, एवढी तक्रार खरी आहे. पण छडीने वर्ग चालत होता हा त्यामागचा दावा मॅडसन यांच्या प्रयोगातील शिक्षिकेच्या समजुतीपेक्षा निराळा नाही. छडीनंतरची शांतता सर्वांना आठवते आणि तीच छडी तासाला किती वेळा उचलावी लागत होती याचा हिशेब कोणी ठेवलेला नसतो. ज्यांनी छडीमुळे शाळाच सोडली ते तर या चर्चेत भाग घ्यायला शिक्षकखोलीत हजर नसतात.

मग नव्या शिक्षकाने हे शिकावे कोठे? बी.एड. अभ्यासक्रम २०१५ पासून दोन वर्षांचा झाला आणि शाळेतील अनुभवाचा काळ वाढला, ही सुधारणा मोठी होती. तरीही सराव पाठाची रचना पाहिली तर तिच्यातील उणीव ध्यानात येते. सूक्ष्म पाठात सहाध्यायीच विद्यार्थी बनून बसतात, आणि खोटे विद्यार्थी खोटा दंगा करतात. शाळेतील पाठात वर्ग दुसऱ्याचा असतो, मागे निरीक्षक बसलेला असतो, मुलांना वर्गशिक्षकांनी आधीच तंबी दिलेली असते. म्हणजे छात्राध्यापकाला मिळते ती उसनी शांतता. वर्गाची घडी बसते कशी हे त्याने कधीच पाहिलेले नसते, कारण ती शाळा सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत बसते आणि त्या दिवसांत अध्यापक महाविद्यालये सहसा आपले विद्यार्थी शाळेत पाठवत नाहीत. एडमंड एमर, कॅरोलिन एव्हर्टसन आणि लिंडा अँडरसन यांनी तिसरीच्या वर्गांवर केलेल्या आणि १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेच दिवस निर्णायक ठरले होते. पुढे वर्षभर ज्यांचे वर्ग नीट चालले, त्या शिक्षकांनी सुरुवातीचे दिवस पाणी प्यायला कधी जायचे, काम झाल्यावर वही कोठे ठेवायची, मदत कशी मागायची या गोष्टी पाठासारख्या शिकवण्यात, करून दाखवण्यात आणि मुलांकडून करून घेण्यात घालवले होते. नियमांचा तक्ता भिंतीवर लावून ते मोकळे झाले नव्हते. महाराष्ट्रात पवित्र पोर्टलमार्फत होणाऱ्या नेमणुका शाळेच्या वर्षाला धरून होतातच असे नाही, त्यामुळे कित्येक नव्या शिक्षकांच्या वाट्याला पहिल्याच वर्षी अर्ध्यावरचा, दुसऱ्याने घडवलेला किंवा बिघडवलेला वर्ग येतो, आणि तो आपल्यामुळेच असा आहे असे त्यांना वाटत राहते.

त्यात शिक्षण सेवक या पदाची भर पडते. २००० सालापासून महाराष्ट्रात नवा शिक्षक पहिली तीन वर्षे मानधनावर काम करतो आणि समाधानकारक सेवेनंतर त्याला नियमित वेतनश्रेणी मिळते. या तीन वर्षांना परिविक्षेचा, म्हणजे परीक्षा पाहण्याचा, अर्थ आहे. शिकण्याचा अर्थ त्यांना व्यवहारात फारसा मिळालेला नाही. ज्याची नोकरी अद्याप पक्की नाही, त्याला वर्गाचा आवाज व्हरांड्यात जाणे परवडत नाही, आणि व्हरांड्यातून फेरी मारणाऱ्या मुख्याध्यापकाला कानावर पडते तेवढेच मोजता येते. गटात चर्चा करणारा वर्ग आणि हाताबाहेर गेलेला वर्ग दोन्ही बाहेरून सारखेच ऐकू येतात. हाताची घडी, तोंडावर बोट असा बसलेला वर्ग मात्र सदैव उत्तम भासतो. तेव्हा जो शिक्षक हळू आवाजात बोलण्याचे, थांबण्याचे, मुलांना कामात गुंतवण्याचे धाडस करू पाहतो, त्याच्याविरुद्ध शाळेची मोजमापाची रीतच उभी राहते. अनुभवी शिक्षकांनी मार्गदर्शक व्हावे, ही कल्पना २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात आहे. पण असा मार्गदर्शक नव्याच्या तासाला बसला तर काय पाहणार, हा खरा प्रश्न आहे. तासाच्या मध्यावर येऊन विषयाची मांडणी पाहून गेल्याने काही साधणार नाही. त्याने घंटेच्या आधी येऊन बसावे आणि दोनच गोष्टी लिहाव्यात: तास सुरू झाल्यापासून पहिले मूल कामाला लागेपर्यंत किती मिनिटे गेली, आणि शेवटचे लागेपर्यंत किती. ‘वर्ग शांत होता’ या शेऱ्याच्या जागी हे दोन आकडे आले, तर शिक्षण सेवकाला स्वतःविषयी काही कळण्यासाठी तीन वर्षे थांबावे लागणार नाही, कारण ते पहिल्याच आठवड्यात हाती येतात, आणि पुढच्या आठवड्यात ते कमी झाले की नाही हे त्याचे त्यालाच पाहता येते.